बोलाची कात्रणे

दिवाळी अंकातली एखादी मुलाखत वाचून संपली की शेवटी, उजव्या कोपऱ्यात, बारीक ठशात ‘शब्दांकन’ असा एक शब्द आणि त्यापुढे एक नाव छापलेले आढळते. ते नाव सहसा कोणी वाचत नाही. वाचक मुलाखत देणाऱ्या नटाच्या किंवा गवयाच्या आठवणींत रमलेला असतो. आणि त्याला तसे रमता यावे म्हणून ज्याने आठ-दहा दिवस मान मोडून काम केले, त्या गृहस्थाचे नाव फराळाच्या ताटातल्या चकलीच्या चुऱ्यासारखे कडेला पडून राहते. वास्तविक हे काम सोपे नव्हे. वृद्ध नट तीन तास बोलतो. एक गोष्ट अर्धी टाकून दुसरीकडे वळतो, नावे विसरतो, तोच किस्सा तीनदा सांगतो आणि तिन्ही वेळा त्याचा शेवट निराळा करतो. मध्येच चहा येतो, मध्येच सूनबाई काही विचारून जातात. या साऱ्यातून आठ पानांचा मजकूर उभा करायचा, आणि तरीही त्या पानांतून त्या नटाचाच आवाज ऐकू आला पाहिजे! या कलेने मराठीला पुष्कळ चांगले गद्य दिले आहे, परंतु तिच्याकडे टीकाकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. आज ते जाण्याचे निमित्त घडले आहे. कारण हे काम आता यंत्राकडे जाऊ लागले आहे, आणि यंत्राने केलेले शब्दांकन वाचणाराही पुष्कळदा यंत्रच असतो.

ज्या बोलण्याचे हे शब्दांकन होते त्याला ‘पॉडकास्ट’ म्हणतात. घरातल्या तरुण मंडळींना हे सांगायला नको, वडीलधाऱ्यांसाठी सांगतो. मोबाइलवर पाहिजे तेव्हा ऐकता येणारा, मालिकेसारखा भागाभागांनी येणारा ध्वनिमुद्रित कार्यक्रम म्हणजे पॉडकास्ट. २००४ च्या फेब्रुवारीत बेन हॅमर्सली या लेखकाने लंडनच्या ‘गार्डियन’ वृत्तपत्रात हा शब्द सुचवला, तेव्हा बारसे होऊन आता दोन दशके उलटली. मराठीत ‘मित्रम्हणे’, ‘अमुक तमुक’, ‘व्हायफळ’ अशी या कार्यक्रमांची नावेदेखील गप्पांच्या बैठकीतून उचलल्यासारखी आहेत. आणि खरोखरच ती बैठक आहे. आकाशवाणीच्या भरभराटीच्या काळात भाषण आधी कागदावर उतरत असे, ते तपासले जाई, आणि मग वक्ता मायक्रोफोनसमोर ते अशा खुबीने वाची की ऐकणाऱ्याला ते बोलणेच वाटावे. मर्ढेकर आकाशवाणीत होते, पु. ल. देशपांडेही होते, लिहिलेल्या शब्दाला बोलका करण्याची विद्या अशा मंडळींनी मराठीला शिकवली. पॉडकास्टचा ओघ नेमका उलटा. येथे माणसे आधी बोलतात, दोन-दोन तास बोलतात, आणि कागद मागाहून येतो.

या प्रकाराला मुंबईच्या उपनगरांत श्रोता का मिळाला हे कळायला फार दूर जायला नको. बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या नोकरदाराचे दिवसातले दोन तास गाडीत जातात. पूर्वी ते भजनात, पत्त्यांत किंवा शेजाऱ्याच्या वर्तमानपत्रात मान घालण्यात जात. आता एक हात वर कडीला अडकलेला, डोळ्यांसमोर कोणाची तरी पाठ, आणि मोकळा उरतो तो फक्त कान. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तिच्या थंडगार डब्यात सायंकाळी पाहावे, तर माणसांच्या कानांत बोंडे आणि चेहऱ्यावर, शेजारी कोणी नसल्यासारखे, मधूनच उमटणारे हसू. मुलुंडच्या स्वयंपाकघरातही पोळ्या लाटता लाटता कोणी हेच ऐकत असते. ऐकणारा एकटा आहे, पण त्याला सोबत आहे. पॉडकास्टचे सारे यश या सोबतीत आहे असे मला वाटते, आणि पुढच्या विवेचनात हा मुद्दा विसरून चालणार नाही.

आता यंत्राकडे वळू. अशा एकेका कार्यक्रमाचे शेकडो भाग होऊन जातात. त्यांत अमक्या विषयावर कोण काय बोलले हे शोधायचे तर पुन्हा ऐकत कोण बसणार? म्हणून एक साधन निघाले आहे. ते आधी आवाजाचे अक्षरांत रूपांतर करते, प्रत्येक वाक्यापुढे तास-मिनिट-सेकंद मांडते, आणि जमेल तसे कोण बोलले हेही ठरवते. मग त्या मजकुराचे लहान लहान तुकडे पाडून, ज्यांचा अर्थ जवळचा ते जवळ अशा हिशेबाने ते रचून ठेवते. आणि मग मागेल त्याला हवे ते तुकडे काढून देते. मागणारा असतो ‘एजंट’. एजंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विम्याची पॉलिसी गळ्यात मारणारे गृहस्थ येतात. हा तसा नव्हे. हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा असा एक कारकून आहे की त्याला काम सांगितले म्हणजे कोणते कपाट उघडायचे, कोणाला विचारायचे, आलेले कागद कसे जुळवायचे हे तो स्वतःच ठरवतो. एजंटांनी अशा साधनांशी कोणत्या रीतीने व्यवहार करावा याचे नियम अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या नावाने जाहीर केले, आणि पुढे इतरांनीही ते उचलले. त्या नावातला मधला शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. कॉन्टेक्स्ट म्हणजे संदर्भ, प्रसंग, मागचेपुढचे. माझी सारी तक्रार त्या एका शब्दाभोवती फिरणार आहे.

जुन्या कचेऱ्यांत साहेबाच्या टेबलावर सकाळी वर्तमानपत्रांची कात्रणे ठेवण्याची पद्धत असे. साहेब वर्तमानपत्र वाचत नसे, कात्रणे वाची. आणि जगात काय चालले आहे हे आपल्याला कळते अशा समजुतीत असे. शेजारी कोणती बातमी होती, मथळा किती मोठा होता, ती पहिल्या पानावर होती की सातव्या, हे कात्रण सांगत नाही. एजंटाच्या हाती पडतो तो तुकडा म्हणजे बोलण्याचे कात्रण.

घाटकोपरला राहणाऱ्या एका स्नेह्यांच्या मुलाने हे साधन मला चालवून दाखवले. मी विचारले, ‘जुन्या नाटकवाल्यांनी प्रॉम्प्टरविषयी काय काय सांगितले आहे?’ त्याने प्रश्न टाकला, आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत सहा-सात मुलाखतींतले उतारे, मिनिटा-सेकंदांच्या आकड्यांसह, पडद्यावर हजर झाले. ते सारे ऐकून काढायचे तर माझा एक आठवडा गेला असता. हे सामर्थ्य लहान नव्हे, आणि त्याला नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. परंतु उताऱ्यांच्या खाली एजंटाने आपल्या शब्दांत एक गोषवारा दिला होता, आणि त्यात एक वाक्य असे होते, की प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षागृहात सर्वत्र पोहोचणे महत्त्वाचे असते असे एका ज्येष्ठ कलावंताचे मत आहे. मी चकित झालो. प्रॉम्प्टरचे सारे कौशल्य त्याचा आवाज प्रेक्षकांपर्यंत न पोहोचण्यात असते! मुलाला म्हटले, ‘बाळ, त्या जागेचा आवाज लाव बघू.’ त्याने लावला. कलावंत म्हणत होते, ‘काय प्रॉम्प्टर होता हो आमचा! आमचा आवाज तिसऱ्या रांगेत विरायचा, त्याचा थेट शेवटच्या!’ आणि त्यापाठोपाठ दोघांचे खदाखदा हसणे. यंत्राने शब्द एकूणएक बरोबर उतरवले होते. हसणे उतरवले नव्हते, एवढेच.

मराठी बोलण्याचा अर्थ पुष्कळदा शब्दांत नसतोच. तो शब्दांच्या कडेला असतो. एक साधा ‘हं’ घ्या. ऐकतो आहे असा हं, पटले नाही असा हं, पुढे बोल असा हं, आणि ‘पुरे आता’ असा हं. गृहिणीच्या ‘हं’चे हे सारे प्रकार नवऱ्याला कळतात, निदान कळलेले बरे असतात. कागदावर सगळ्यांना एकच अक्षर आणि एकच अनुस्वार. पुष्कळशी यंत्रे तर हे उद्गार अडगळ समजून झाडूनच टाकतात, म्हणजे मजकूर ‘स्वच्छ’ होतो. ‘ना’, ‘की’, ‘बरं’, ‘म्हणजे’, ‘अगं’ ही चिमुकली अव्यये मराठी वाक्याच्या मिठासारखी आहेत. ती काढून टाकली तर वाक्य पोटभरीचे राहते, पण खावेसे वाटत नाही. ‘शहाणाच आहेस’ हे वाक्य आईच्या तोंडी कौतुकाचे आहे की चापटीआधीचे आहे, हे अक्षरे सांगू शकत नाहीत. किंवा समजा, मुलुंडच्या एखाद्या आजीबाई आपल्या संसाराची हकीकत सांगत आहेत : ‘आमच्या घरात होतं काय? नाही म्हणायला एक शिवणयंत्र होतं.’ यातल्या ‘नाही म्हणायला’मध्ये नकारही नाही आणि म्हणणेही नाही. त्यात दारिद्र्याची कबुली आहे आणि त्या यंत्राचा लहानसा अभिमान आहे. या वाक्यातून ‘घरात शिवणयंत्र होते’ एवढी माहिती काढून घेणारा कारकून खोटे बोलत नाही. पण आजीबाईंनी सांगितली ती गोष्ट ही नव्हे.

या ठिकाणी उपनगरांची एक स्वतंत्र अडचण येते. येथली मराठी एक नाही. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली वेगळी. मरोळच्या आणि गोराई-मनोरीच्या गावठाणांतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती बांधव पिढ्यान्‌पिढ्या घरात जी मराठी बोलत आले ती वेगळी. कोकणातून, घाटावरून आलेल्यांची वेगळी. आणि अंधेरीच्या कचेरीत काम करणारी मुलगी ‘मी त्याला बोलली’ म्हणते ती आणखी वेगळी. यंत्र मात्र ज्या शब्दानंतर जो शब्द येण्याचा संभव अधिक, तो पसंत करते. त्याच्या कानाला अनोळखी रूप आले की ते ओळखीच्या रूपाकडे झुकते. शाळेतल्या जुन्या मास्तरांप्रमाणे ते मुलाचे वाक्य दुरुस्त करून मगच वहीत उतरवते, आणि दुरुस्ती केली हे सांगतही नाही. मास्तर तांबड्या शाईने तरी दुरुस्त करीत!

याचे कारण यंत्राच्या शिक्षणात आहे. अशा पुष्कळ साधनांच्या पोटात ओपनएआय या कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये खुले केलेले ‘व्हिस्पर’ असते. त्याला एकंदर ६,८०,००० तासांचे बोलणे ऐकवून शिकवले होते. त्यातले इंग्रजीखेरीज इतर ९६ भाषांच्या वाट्याला मिळून १,१७,००० तास आले, आणि त्या पंक्तीत मराठीच्या पानावर पडले ते शितापुरतेच. ॲपल कंपनीने मार्च २०२४ मध्ये पॉडकास्टबरोबर आपोआप मजकूर द्यायला आरंभ केला तो इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश या चार भाषांत. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले, पेढे वाटले गेले, ते योग्यच झाले. परंतु यंत्राला दर्जा कळत नाही, तास कळतात. हे तास भरून काढण्याचे प्रयत्न आपल्याकडे झाले नाहीत असे मात्र नाही. अंधेरी आणि घाटकोपर यांच्यामध्ये वसलेल्या पवईच्या आयआयटीत आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, शेतमालाचे भाव टेलिफोनवर मराठीतून विचारता यावेत म्हणून शेतकऱ्यांचे बोलणे यंत्राला ओळखायला शिकवण्याचे काम, व्हिस्परच्या कितीतरी आधी झाले. मद्रासच्या आयआयटीतल्या ‘एआय फॉर भारत’ या गटाने २०२४ मध्ये २२ भारतीय भाषांतले बोलणे ‘इंडिकव्हॉइसेस’ या नावाने खुले केले, त्यात मराठी आहे, आणि ते नुसते वाचून दाखवलेले नसून बरेचसे सहज बोललेले आहे. काम चालले आहे. पण आज जो मजकूर एजंटाच्या हाती पडतो त्याची परीक्षा आजच केली पाहिजे.

त्या परीक्षेत एक विलक्षण गोष्ट आढळते. यंत्राला शांतता सोसत नाही. २०२४ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी व्हिस्परची कसून तपासणी केली, तेव्हा सुमारे एक टक्का ध्वनिखंडांत यंत्राने कोणीही न बोललेली वाक्ये घातलेली आढळली. ज्यांना वाचाघात झाला आहे, शब्द सापडायला ज्यांना वेळ लागतो, अशा माणसांच्या बोलण्यात हे अधिक घडले. आणि त्यांच्या बोलण्यातले लांब थांबे हे त्याचे एक कारण असावे असे संशोधकांना दिसले. एक टक्का ही लहान गोष्ट वाटेल. पण हे शंभरातले एक वाक्य कोठे पडते ते पाहावे. माणूस थांबतो कधी? मुलाच्या मृत्यूविषयी विचारले म्हणजे. संपात गमावलेल्या नोकरीचा विषय निघाला म्हणजे. ज्या भावाशी वीस वर्षे बोलणे नाही त्याचे नाव आले म्हणजे. चांगल्या मुलाखतीत सर्वांत मोलाची जागा पुष्कळदा तीच असते; जाणता मुलाखतकार तेथे पुढचा प्रश्न गिळून टाकतो, आणि जाणता शब्दांकनकार तेथे परिच्छेद तोडतो किंवा ‘ते थोडा वेळ काही बोलले नाहीत’ असे लिहितो. त्याच जागी यंत्र आपल्या पदरचे एखादे गुळगुळीत वाक्य ठेवण्याचा संभव आहे, आणि एजंट ते त्या माणसाच्या नावावर खपवणार आहे. उच्चाराच्या चुका मी सोडून देईन. हे मला सोडून देता येत नाही.

बोललेला शब्द लिहिताना काय जपावे, हा प्रश्न मराठीला नवा नाही. किंबहुना मराठी गद्याच्या उंबरठ्यावरच तो उभा आहे. चक्रधरस्वामींनी ग्रंथ लिहिला नाही, ते बोलले. ते निघून गेल्यावर, तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात, म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा करण्याचे काम अंगावर घेतले. रिद्धपुरास नागदेवाचार्य होते, त्यांच्याकडून त्यांनी ऐकले. आणि ज्यांनी स्वामींना प्रत्यक्ष पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे ते हिंडून गेले, विचारून आले. त्यातून ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. आज कोणीही ते उघडावे (वि. भि. कोलते यांनी संपादिलेली प्रत १९७८ साली प्रसिद्ध झाली), आणि त्यातली कोणतीही लीळा पाहावी. स्वामी कोठे होते, कोण आले, काय विचारले, कोणी मध्येच काय बोलले, मग स्वामी काय म्हणाले. तत्त्वज्ञानाचे वाक्य आहे, पण ते अंगणात, जेवणावर, वाटेत, कोणाच्या तरी भाबड्या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणून आहे. आणि एकाच्या आठवणीशी दुसऱ्याची आठवण जुळली नाही तर, अमक्याच्या सांगण्यात असे आहे, तमक्याच्या सांगण्यात तसे आहे, अशी नोंद पोथ्यांतून राहिली आहे. मूळ पोथी धाडीत नाहीशी झाली आणि पुढे शिष्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली असे परंपरा सांगते; तेव्हाही हिराइसेचा पाठ म्हणून तो हिराइसेच्या नावानेच ओळखला गेला. सातशे वर्षांपूर्वीच्या या लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : ऐकलेल्या शब्दाला सांगणाऱ्याचे नाव चिकटलेले असले पाहिजे.

म्हाइंभटांच्या पाठोपाठ केसोबास आले. त्यांनी लीळांतून स्वामींची वचने तेवढी वेगळी काढली आणि ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. लहान, घट्ट, पाठ करायला सोयीची वाक्ये. केवढी मोठी सोय झाली असेल! साधकाला सगळे चरित्र वाहून न्यायला नको. सूत्र मुखात असले म्हणजे झाले. परंतु पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. हे वचन स्वामी कोणाला उद्देशून बोलले, कोणत्या प्रसंगी, कशाच्या उत्तरादाखल, हे कळल्यावाचून वचनाचा अर्थ लागेना. तेव्हा एकेका सूत्रामागचा प्रसंग सांगणारे ‘प्रकरणवश’ या नावाचे स्वतंत्र वाङ्मय पंथात तयार झाले. म्हणजे सोयीसाठी जो प्रसंग कापून टाकला तो परत आणून बसवावा लागला, तोही निराळे ग्रंथ रचून. आणि येथे ध्यानात घ्यावे, की केसोबासांचे वाचक लीळा जाणणाऱ्यांच्या सहवासात राहत होते. विचारायला माणूस होता. एजंटाला प्रश्न टाकून उत्तर घेणाऱ्या आपल्या अंधेरीच्या तरुणाजवळ सूत्र आहे; लीळा त्याने ऐकलेली नाही, आणि प्रकरणवश कोणी लिहिलेले नाही.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सहलीला जाऊन कान्हेरीची लेणी आपण सर्वांनी पाहिली आहेत. ज्या भिक्षूंचा हा निवास होता त्यांच्या परंपरेतही धर्मग्रंथ आधी शतकानुशतके मुखात होते. बुद्धाचे सूत्र सुरू होते ते ‘मी असे ऐकले आहे’ या अर्थाच्या शब्दांनी. मग तथागत कोणत्या गावी, कोणाच्या वनात राहत होते, बरोबर कोण होते. आणि त्यानंतर उपदेश. आपल्या काळातलेच उदाहरण हवे असेल तर मुंबईच्या गिरणी कामगारांच्या तोंडून त्यांचा इतिहास सांगणारे मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचे इंग्रजी पुस्तक २००४ साली निघाले. त्याच्या शीर्षकात शंभर वर्षे आणि शंभर आवाज आहेत. आवाज शंभर आहेत, एक नाही, हे महत्त्वाचे.

एजंट हे शंभर आवाज घेऊन त्यांचा एक आवाज करतो. तो आवाज सभ्य असतो, मुद्देसूद असतो, कोणाचाच नसतो.

एका बाबतीत मात्र या साधनाचा टीकाकाराला मोठा उपयोग आहे, आणि तो त्याच्या कर्त्यांच्या मनात नसावा. दोन तासांच्या पॉडकास्टचा एजंटाकडून दहा ओळींचा गोषवारा करून घ्यावा. मग पॉडकास्ट ऐकावा. गोषवाऱ्यात नाही असे आपल्या हाती काय लागले? माझा अनुभव असा, की कित्येक कार्यक्रमांत काहीही लागत नाही. पहिली वीस मिनिटे पाहुण्याचे कौतुक, मग बालपणीचा संघर्ष, मग यशाची पाच पथ्ये, मग ‘तरुणांना काय सांगाल?’ त्या दहा ओळींत सारे आले; उरले ते नुसते तास. असे बोलणे हे बोलण्याच्या वेषातले माहितीपत्रकच, आणि माहितीपत्रकाचे कात्रण करायला हरकत कसली? उलट यंत्राने श्रोत्याची सुटका केली. परंतु असेही भाग आहेत की त्यांचा गोषवारा वाचून वाटते, यात काय विशेष? आणि ऐकायला बसले की गाडी बोरिवलीला लागून रिकामी झाली तरी उतरवत नाही. एखादी तमाशातली वृद्ध कलावतीण बोलते, एखादा निवृत्त मोटरमन बोलतो. सांगण्यासारखी घटना फारशी नसते, पण वाक्य कोठे वळते, कोठे अडते, कोणत्या शब्दावर आवाज खाली येतो, यांतच सारा आशय असतो. कवितेचा भावार्थ सांगितला म्हणजे कविता सांगितली असे होत नाही, हे मराठी टीकेने मर्ढेकरांच्या पिढीपासून पुन्हा पुन्हा सांगितले. गप्पांनाही तो न्याय लागू पडतो हे या यंत्रामुळे प्रथमच लख्ख दिसले. आमच्या पॉडकास्टवाल्या तरुण मित्रांनी आपल्या प्रत्येक भागाची ही परीक्षा स्वतः घ्यावी. पुष्कळांचे भाग आपोआप पाऊण तासाचे होतील, आणि कोणाची तक्रार येणार नाही.

दुसऱ्या बाजूने एक गोष्ट निर्विवादपणे मांडली पाहिजे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी हा मजकूर सोय नसून दार आहे. कान गेलेले आजोबा घरात असतील तर त्यांना विचारावे. सगळे घर ज्या गप्पांवर हसते त्या गप्पा त्यांना प्रथमच वाचायला मिळाल्या. अशुद्ध, विरामचिन्हांवाचूनच्या, पण मिळाल्या. म्हणून हे साधन नसावे असे म्हणणे मला क्रूरपणाचे वाटते. ते चांगले असावे असे म्हणणे मात्र आपले कामच आहे; आणि कान नसलेल्या वाचकासाठी तर ‘हसले’, ‘थांबले’, ‘आवाज भरून आला’ हे कंसातले शब्द अधिकच अगत्याचे.

मग या साधनाच्या कर्त्यांजवळ मागायचे काय? तुकडा देताना त्याच्या मागची आणि पुढची चार वाक्ये द्यावीत. कोणी, कोणाला, कोणत्या दिवशी म्हटले ते द्यावे. त्या क्षणाचा मूळ आवाज एका टिचकीत ऐकता यावा. मिनिट-सेकंद हाताशी असताना तो न देणे हा नुसता आळस आहे. हे सारे थोडेफार कोठे कोठे होतेही. परंतु एक गोष्ट फारशी कोठे होत नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. घाटकोपरच्या त्या मुलाने बोलता बोलता मला सांगितले, की व्हिस्पर प्रत्येक वाक्यखंडाबरोबर दोन अंक काढते. आपण लिहिले ते कितपत खात्रीचे, याचा एक. आणि या जागी मुळात कोणी बोलतच नव्हते असा संभव किती, याचा दुसरा. म्हणजे यंत्राला संशय येतो! म्हाइंभटांना आला तसाच येतो. फक्त मजकूर साधनाकडून एजंटाकडे आणि एजंटाकडून आपल्याकडे येता येता हे अंक वाटेत गळतात, कारण ते कोणी मागत नाही, आणि हाती येतो तो निःशंक, ठाम, छापील वाटावा असा मजकूर. हिराइसेच्या पाठाला पोथीत जागा होती. या दोन अंकांना एक रकाना हवा आहे. तो तुकड्याबरोबर एजंटापर्यंत पोहोचला, तर ‘येथे नीट ऐकू आलेले नाही’ असे त्यालाही आपल्या उत्तरात लिहिता येईल.